आकाशातील भाऊबंदकी

दोन कंपन्यांचे विलीनीकरण हा कागदावर एका दिवसाचा व्यवहार असतो. अमुक तारखेपासून अमुक कंपनीची मालमत्ता, देणी आणि कर्मचारी तमुक कंपनीकडे वर्ग झाले, एवढे नमूद झाले की कायद्याचे काम संपते. माणसांचे काम तेथून सुरू होते. तुकड्या घटल्यामुळे दुसऱ्या शाळेत समायोजन झालेल्या शिक्षकाला, किंवा आपली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यावर नव्या ज्येष्ठता यादीत आपले नाव शोधणाऱ्या कारकुनाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. काल ज्याचे नावही ठाऊक नव्हते तो आज यादीत आपल्या वर कसा, हा प्रश्न पगाराच्या आकड्याहून अधिक बोचतो.

भारताच्या हवाई वाहतुकीला हे दुखणे गेली सात दशके जडलेले आहे आणि त्याची मुळे जे. आर. डी. टाटा यांच्या चरित्रात गुंतलेली आहेत. जेआरडींना जाऊन आता तीन दशके उलटली. त्यांच्या आयुष्याकडे आजवर साहसाची आणि उद्योगाची कथा म्हणून पाहिले गेले, ते योग्यच होते. परंतु एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे सोपवल्या गेलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाजूने हे चरित्र वाचले, तर त्यात आणखी एक कथा आढळते आणि ती सर्वस्वी गौरवाची नाही.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. शिक्षण फ्रान्स, जपान आणि मुंबई असे विखुरलेले. इंग्लिश खाडी विमानातून प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ हे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील त्यांच्या सुटीतील घराचे शेजारी होते, आणि विमानाचे वेड तेथेच लागले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन त्यांनी एक इंजिनाचे छोटे विमान उडवले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूच्या मैदानावर उतरवले. तेथून मद्रासपर्यंतचा पुढचा प्रवास त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पूर्ण केला. भांडवल दोन लाख रुपयांचे, विमाने दोन आणि माणसे मूठभर. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा सारा संसार पुण्यास हलवावा लागे. तरीही टपाल वेळेवर पोहोचे आणि ही वेळेची शिस्त हीच कंपनीची प्रतिष्ठा बनली. जेथे मालक स्वतः विमान चालवतो आणि यांत्रिकाच्या शेजारी उभा राहून इंजिन न्याहाळतो, तेथे नोकरी ही नुसती नोकरी राहत नाही. संगीतात जसे घराणे असते, तसे येथे कामाचे एक घराणे तयार झाले.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, टाटा एअरलाइन्सचे रूपांतर ‘एअर इंडिया’ या सार्वजनिक कंपनीत झाले. १९४८ साली परदेशी उड्डाणांसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही दुसरी कंपनी निघाली. तिच्यात ४९ टक्के भाग सरकारचा होता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. कंपन्या आता दोन झाल्या, पण त्यांच्या कामाची रीत एक होती आणि वडीलधारी व्यक्तीही एकच होती.

याच काळात देशात विमान कंपन्यांचे पेव फुटले होते. युद्धात वापरलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळत होती आणि सरकार परवाने सढळ हाताने देत होते. एवढ्या कंपन्यांना पुरेल इतके उतारू देशात नाहीत, हे जेआरडी आधीपासून बजावत होते. अखेर न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. कंपन्यांनी स्वेच्छेने एकत्र येऊन आपली संख्या कमी करावी, असा १९५० सालच्या तिच्या अहवालाचा रोख होता. तो सल्ला कोणी मनावर घेतला नाही. मग १९५३ साली संसदेने हवाई महामंडळ कायदा संमत केला आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी साऱ्या कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. आपल्याला विश्वासात न घेता हा निर्णय झाला, याचे शल्य जेआरडींना अखेरपर्यंत राहिले.

या कायद्याने दोन महामंडळे निर्माण केली. परदेशी वाहतूक एअर इंडिया इंटरनॅशनलकडे आली आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे. आंतरराष्ट्रीय सेवा वेगळी राहावी, हा जेआरडींचा आग्रह होता. कष्टाने मिळवलेला दर्जा सरमिसळीत बुडू नये, ही त्यामागील भीती समजण्याजोगी होती. पंडित नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनी नव्या एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले, तेही वेतन न घेता. इंडियन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावरही ते होते, पण तिची धुरा दुसऱ्यांच्या खांद्यावर होती.

ही धुरा किती जड होती, याची कल्पना तपशिलावरून येते. इंडियन एअरलाइन्समध्ये आठ कंपन्या एकत्र झाल्या. हैदराबादच्या निजामी छायेतील डेक्कन एअरवेज, बिर्लांची भारत एअरवेज, बिजू पटनाईक यांची कलिंग, दिल्लीची इंडियन नॅशनल एअरवेज, सिंदिया जहाज कंपनीशी जोडलेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, शिवाय हिमालयन एव्हिएशन, एअरवेज इंडिया आणि टाटांची देशांतर्गत एअर इंडिया. विमाने ९९ मिळाली, त्यांपैकी ७४ डाकोटा होती. विमाने बहुतेक एकाच जातीची होती, माणसे मात्र आठ घराण्यांची. १ जुलै १९५२ पूर्वीपासून नोकरीत असलेल्यांना कायद्याने संरक्षण दिले होते. महामंडळ रीतसर बदल करीपर्यंत त्यांचे वेतन आणि सेवाशर्ती पूर्वीच्याच राहणार होत्या. हेतू न्यायाचा होता. परिणाम असा की एकाच कामाला आठ वेतनांची आणि आठ रीतींची परंपरा एकाच कचेरीत येऊन बसली. आता ज्येष्ठता कशी मोजायची? नोकरीच्या वर्षांवरून मोजली, तर लहान कंपनीत लवकर लागलेला माणूस मोठ्या कंपनीतील अनुभवी माणसाच्या पुढे जातो. पदावरून मोजली, तर जेथे बढती झटपट मिळे तेथील लोकांचे फावते. पगारावरून मोजली, तर गरीब कंपनीत राबलेल्याला त्या कंपनीच्या गरिबीची शिक्षा दुसऱ्यांदा भोगावी लागते. सर्वांना न्याय्य वाटेल असे मोजमाप येथे उपलब्धच नसते.

या वाटणीत एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. १९३२ च्या टपालसेवेतून वाढलेली मूळ एअर इंडिया इंडियन एअरलाइन्सच्या वाट्याला गेली आणि पाच वर्षांची धाकटी कंपनी जेआरडींकडे राहिली. ज्यांनी एकाच मालकाच्या हाताखाली काम शिकले, ते एका रात्रीत दोन महामंडळांचे नोकर झाले. घर एकच, वाटणी झाली आणि मध्ये भिंत उभी राहिली.

भिंतीच्या अलीकडे जेआरडींनी जे घडवले त्याला तोड नाही. पंचवीस वर्षे ते अध्यक्ष होते. प्रवासात ते वही घेऊन बसत आणि खुर्चीची पाठ किती कलते, चहाचा रंग कसा आहे, पडदे मळले आहेत काय, याची टिपणे थेट अधिकाऱ्यांकडे जात. १९६२ साली एअर इंडियाचा सर्व ताफा जेट विमानांचा झाला. कर्मचाऱ्यांशी कसे वागावे हेही त्यांना ठाऊक होते. त्यांच्याच अध्यक्षतेखालील टाटा पोलाद कंपनीने १९५६ साली जमशेदपूरच्या कामगार संघटनेशी करार करून कारखान्याच्या कारभारात कामगारांशी सल्लामसलत करण्याची पद्धत घालून दिली.

पण भिंतीला दोन बाजू असतात. परदेशी उड्डाणांचे वलय, मोठी विमाने आणि जेआरडींचा दबदबा यांमुळे एअर इंडियाच्या माणसाच्या मनात आपण वरच्या पंक्तीतले आहोत, ही भावना रुजली. दिवसातून चार-चार वेळा विमान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या देशांतर्गत कर्मचाऱ्याला आपण उपेक्षित आहोत असे वाटू लागले. दोघेही एकाच सरकारचे नोकर होते. आपल्या घराण्याचा अभिमान हे जेआरडींनी जमवलेले सर्वांत मोठे भांडवल होते. पुढे हाच अभिमान एकत्र नांदण्याच्या आड आला. त्यांनी एक घर उत्तम सांभाळले हे खरे, परंतु दोन घरे एक करण्याची कसोटी त्यांच्या वाट्याला कधी आलीच नाही, हेही तितकेच खरे.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर महिन्याभरातच जनता सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले आणि दोन्ही महामंडळांचे अध्यक्षपद निवृत्त एअर चीफ मार्शल प्रताप चंद्र लाल यांच्याकडे सोपवले. कर्मचारी संघटनांनी निषेध केला, व्यवस्थापकीय संचालकांनी राजीनामा दिला. १९८० साली इंदिरा गांधींच्या सरकारने जेआरडींना संचालक म्हणून परत बोलावले. १९८२ साली, पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई विमान स्वतः चालवत आणले. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.

भिंत पाडण्याचे काम त्यांच्या पश्चात झाले आणि ते घाईने झाले. २००७ साली सरकारने दोन्ही कंपन्या एक केल्या. चोपन्न वर्षांनी भेटलेले भाऊबंद एकमेकांना अनोळखी झाले होते. देशांतर्गत सेवेत वैमानिकाला कप्तानपद लवकर मिळे, परदेशी सेवेत उशिरा. दोन्हीकडील वेतनाची आणि भत्त्यांची गणिते वेगळी होती. नाव आणि रंग बदलले, परंतु ज्येष्ठतेचा हिशेब पुढे ढकलला गेला. २०११ साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. २०१२ साली एअर इंडियाच्या वैमानिकांचा संप सुमारे दोन महिने चालला. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या घराण्याच्या वैमानिकांना का, हा त्यांचा आक्षेप होता. सेवाशर्तींची सांगड घालण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. एकत्रीकरणाला तेव्हा साडेचार वर्षे होऊन गेली होती. लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखा हा प्रकार होता.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, तेव्हा अनेकांना इतिहासाचे वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटले. ते पूर्ण होण्यास अवकाश होता, कारण आता चार कंपन्यांच्या दोन करायच्या होत्या. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारा कंपनीच्या वैमानिकांत नव्या वेतनरचनेबद्दल असंतोष पसरला आणि तिची अनेक उड्डाणे रद्द झाली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा घेतली. विलीनीकरणानंतर आपल्याला समान वागणूक मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्ताराचे नाव आकाशातून पुसले गेले. तिच्या माणसांचा आपल्या घराण्याविषयीचा अभिमान मात्र त्या तारखेला पुसला गेला असेल, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

खुर्ची किती कलते याची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या वारसांनी ज्येष्ठता यादीकडेही तितक्याच बारकाईने पाहावयास हवे. ज्येष्ठता कोणत्या तत्त्वावर ठरणार हे विलीनीकरणाच्या तारखेआधी जाहीर झाले पाहिजे. त्याविरुद्ध दाद मागण्याची निःपक्ष सोय हवी, आणि होणारे नुकसान एकाच बाजूच्या पदरात पडता कामा नये. एवढे केले तरी कुरबुर राहीलच, कारण परिपूर्ण न्याय येथे शक्य नाही. परंतु आपले म्हणणे ऐकून घेऊन दिलेला अपुरा न्याय माणूस सोसतो. न विचारता घेतलेला निर्णय, तो कितीही शहाणपणाचा असो, तो विसरत नाही. १९५३ साली स्वतः जेआरडींचा अनुभव याहून वेगळा नव्हता. एका उद्योगसम्राटाला जे शल्य चाळीस वर्षे सलत राहिले, ते सामान्य कर्मचाऱ्याने चार महिन्यांत विसरावे, ही अपेक्षा न्यायाची नाही.