आट्यांना शिस्त लावणारा कारागीर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला एका कारखान्यात घडलेला बोल्ट चिकलठाण्याच्या कारखान्यात घडलेल्या नटात सहज बसतो. यात नवल ते कसले, असे कोणासही वाटेल. परंतु दोनशे वर्षांपूर्वी असे घडले असते, तर तेच मोठे नवल ठरले असते. ही सोय ज्याच्या परिश्रमांतून उभी राहिली, त्याचे नाव जोसेफ व्हिटवर्थ.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट या गावी झाला. त्याचे वडील शिक्षक होते. चौदाव्या वर्षी त्याला एका नातेवाइकाच्या सूतगिरणीत उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. सुताच्या व्यापारात मात्र त्याचे मन रमेना. ते गुंतले होते यंत्रांत! अखेर गिरणी सोडून तो मँचेस्टरला गेला व साधा कारागीर म्हणून राबू लागला. १८२५ मध्ये लंडनला जाऊन तो हेन्री मॉड्स्ले या विख्यात यंत्रकाराच्या हाताखाली काम करू लागला. केसाएवढी चूकही मोठी मानण्याची सवय त्याला तेथेच जडली.

१८३३ मध्ये त्याने मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला. सळईवर आटे पाडण्यासाठी डाय वापरतात. डाय म्हणजे आत धारदार दाते असलेली पोलादी चकती. ती सळईवर फिरविली की आटे कापले जातात. त्या काळी प्रत्येक कारखान्याची डाय वेगळी आणि आटेही वेगळे. यंत्राचा एक बोल्ट तुटला, की तो जेथे घडला तेथेच धाव घ्यावी लागे. तोवर यंत्र बंद!

व्हिटवर्थने देशातील अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले व त्यांचे आटे बारकाईने मोजले. आपल्याच कारखान्याचे माप सर्वांनी घ्यावे, असा हट्ट त्याने धरला नाही. सर्वांच्या मापांतून त्याने मध्यम माप काढले आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. आट्यांच्या दोन बाजूंमधील कोन ५५ अंशांचा असावा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला दर इंचास किती आटे, हे ठरलेले असावे, अशी त्याची योजना होती. अर्धा इंच, म्हणजे कारागिरांच्या बोलीत चार सूत जाडीच्या बोल्टला त्याने इंचास १२ आटे ठरविले. हे माप कोणा एकाचे नव्हते, म्हणूनच ते सर्वांचे झाले. आगगाड्यांच्या कारखान्यांनीही ते स्वीकारले.

क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला तोफनौकांसाठी ९० एंजिने अल्पावधीत हवी होती. त्यांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत घडविण्यात आले, आणि एकत्र आणताच ते नीट जुळले. एका मापाचे सामर्थ्य सर्वांना पटले.

पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत ६० अंशांच्या कोनाची निराळी पद्धत निघाली. तिच्या अर्धा इंची बोल्टला इंचास १३ आटे असतात. १२ आट्यांच्या नटात हा बोल्ट घातला, तर एकदोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला, तर दोघांचेही आटे बिघडतात. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचा आहे. भारतातील नळांच्या आट्यांत मात्र व्हिटवर्थचे ५५ अंश अजून टिकून आहेत. म्हणून डाय निवडताना केवळ सळईची जाडी पाहून भागत नाही. आट्यांमधील अंतर आणि कोनही गेज लावून पाहावे लागतात.

संपत्ती मिळाल्यावरही व्हिटवर्थ आपली उमेदवारी विसरला नाही. होतकरू तरुणांना यंत्रविद्या शिकता यावी, म्हणून १८६८ मध्ये त्याने शिष्यवृत्त्या सुरू केल्या. २२ जानेवारी १८८७ रोजी त्याचे निधन झाले. आजही वाळूजचा एखादा उमेदवार डाय उचलण्यापूर्वी जुन्या बोल्टच्या आट्यांवर गेज लावून पाहतो, तेव्हा त्याच्या हातून व्हिटवर्थचीच शिस्त पाळली जात असते.