आचार्य विनोबा भावे : अधिकांचे सुख की सर्वांचा उदय?

उरणला लागून असलेल्या पेण तालुक्यात गागोदे नावाचे लहानसे गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथे विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा, यांचा जन्म झाला. त्यांचे चरित्र आज आम्ही एका प्रश्नासाठी स्मरत आहोत. इतरांच्या इच्छा पुरविणे एवढ्याच पायावर सर्वांना बंधनकारक अशी नीती उभी राहील काय?

१९१६ साली मुंबईस परीक्षेला निघालेले विनोबा वाटेतच सुरतेस उतरून काशीला गेले आणि त्याच वर्षी गांधीजींना येऊन मिळाले. गांधीजींनी १९०८ साली रस्किनच्या एका ग्रंथाचे सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत लिहिले होते. अधिकांच्या सुखासाठी थोड्यांचे अहित करणे त्यास मान्य नव्हते. त्या मूळ ग्रंथाचे नाव मत्तयकृत शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून घेतलेले आहे. शेवटी आलेल्यालाही पूर्ण मजुरी मिळाली, तेव्हा आधी आलेले कुरकुरले. मजुरांचे मत घेतले असते, तर शेवटचा बहुधा रिकाम्या हातानेच परतला असता.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांकडे ८० एकर जमीन मागितली. भूमिहीनांची इच्छा एक, जमीनदारांची दुसरी. दोहोंची बेरीज करून न्याय निघाला नसता. विनोबांनी गावापुढे शब्द टाकला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. इच्छा पुरविण्याआधी ती पालटावी लागते, हे तेथे दिसले. पुढे सुमारे १३ वर्षांच्या पदयात्रेत ४० लाख एकरांहून अधिक भूमीचे दान जाहीर झाले. मात्र त्यातील पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली. देणाऱ्याचे समाधान झाले, भूमिहीनाची गरज तशीच राहिली. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांचे देहावसान झाले.

त्यानंतर अवघ्या १४ महिन्यांनी, १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार होऊन ५ जण मृत्युमुखी पडले. शहर लाखोंना हवे होते, शेते थोड्यांची होती. नुसत्या इच्छा मोजल्या, तर निवाडा सोपा आहे. तरीही त्या घरांचे आपण काही देणे लागतो, असे मन सांगते. हे देणे कोणत्याही बेरजेतून येत नाही.

दुसऱ्याची इच्छा ऐकणे हा नीतीचा आरंभ आहे; तिचे माप मात्र शेवटच्या माणसाच्या देवदत्त प्रतिष्ठेत आहे, असे आम्हांस वाटते.