कॉर्नेलियस लांत्सोश

कॉर्नेलियस लांत्सोश (२ फेब्रुवारी १८९३ – २५ जून १९७४) हे हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ व सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. मोठ्या आव्यूहांची आयगेन मूल्ये काढण्याची लांत्सोश पद्धत, गॅमा फलनाच्या गणनेचे लांत्सोश सूत्र आणि अवकल समीकरणांची बहुपदी उत्तरे देणारी टाउ पद्धत ही त्यांची प्रमुख कामे होत. संख्यांच्या रांगा व आव्यूह यांवर गणिती फलनांची किंमत काढणाऱ्या आजच्या अनेक संगणकीय ग्रंथालयांत त्यांच्या पद्धती वापरल्या जातात.

प्रारंभिक जीवन

लांत्सोश यांचा जन्म हंगेरीतील सेकेशफेहेरवार येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव कोर्नेल लोवी. त्यांचे वडील वकील होते. त्या काळातील प्रथेप्रमाणे पुढे आडनावाचे हंगेरियन रूप स्वीकारण्यात आले. बुडापेस्ट विद्यापीठात त्यांना लोरांड ओटवोश यांनी भौतिकशास्त्र आणि लिपोट फेयेर यांनी गणित शिकवले. फेयेर हे फूरिए श्रेढींचे जाणकार होते व या विषयाची लांत्सोश यांची ओढ अखेरपर्यंत टिकली. १९२१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय मॅक्सवेल यांची विद्युत्-चुंबकीय समीकरणे हा होता. तो त्यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांना पाठवला आणि तेथून दोघांच्या पत्रव्यवहारास प्रारंभ झाला.

जर्मनीतील काळ

हंगेरीत ज्यूंच्या विद्यापीठ प्रवेशावर १९२० मध्ये कायद्याने मर्यादा घातली गेली होती. लांत्सोश जर्मनीस गेले व प्रथम फ्रायबुर्ग आणि १९२४ पासून फ्रांकफुर्ट येथे त्यांनी काम केले. १९२४ मध्ये त्यांनी सामान्य सापेक्षता सिद्धांताच्या समीकरणांचे, फिरत्या धूलिसमूहासाठीचे, अचूक उत्तर दिले. हेच उत्तर पुढे व्हान स्टोकुम यांच्या नावाने ओळखले गेले. हायझेनबर्ग, बोर्न व योर्डान यांची आव्यूहांवर आधारलेली पुंजयामिकी अविरत फलनांच्या व संकलन समीकरणांच्या भाषेत मांडता येते, हे त्यांनी श्रोडिंगर यांचे तरंग समीकरण प्रसिद्ध होण्याच्या सुमारास दाखवले. त्या वेळी त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९२८–२९ मध्ये ते बर्लिन येथे आइनस्टाइन यांचे साहाय्यक होते.

अमेरिका आणि आकडेमोडीकडे वळण

१९३१ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात गेले. त्यांच्या पत्नी मारिया यांना क्षयरोग असल्यामुळे अमेरिकेत प्रवेश मिळू शकला नाही व कुटुंब दोन खंडांत विभागले गेले. १९३९ मध्ये मारिया यांचे निधन झाले. त्यानंतर लांत्सोश लहान मुलाला, एल्मार यास, अमेरिकेत घेऊन आले.

सापेक्षता सिद्धांतात रस असणारे सहकारी पर्ड्यू येथे जवळपास नव्हते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांचे लक्ष प्रत्यक्ष आकडे देणाऱ्या पद्धतींकडे वळले. १९३८ मधील टाउ पद्धत हे त्याचे पहिले मोठे फळ. एखाद्या अवकल समीकरणाचे अचूक उत्तर बहुपदीत मिळत नसेल, तर समीकरणातच चेबिशेव बहुपदीचे एक अल्पसे पद मिळवावे, म्हणजे बदललेल्या समीकरणाचे उत्तर अचूक बहुपदी असते, असा तिचा आशय आहे. चेबिशेव बहुपदींमुळे त्रुटी एका टोकाला न साचता सर्व अंतरालात सारखी विभागली जाते.

१९४२ मध्ये त्यांनी व गॉर्डन डॅनियलसन यांनी फूरिए विश्लेषणाचे श्रम कमी करणारी पद्धत प्रसिद्ध केली. द्रवांवरील क्ष-किरणांच्या प्रकीर्णनाचे विश्लेषण हा तिचा तात्कालिक उद्देश होता. निरीक्षणांची रांग सम व विषम क्रमांकांच्या दोन निम्म्या रांगांत विभागून त्यांची उत्तरे जोडणे हे तिचे मर्म. हाताने गणित करताना ८ सहगुणकांना सुमारे १० मिनिटे, १६ ला २५, ३२ ला ६० आणि ६४ ला १४० मिनिटे लागतात, असा हिशेब लेखकांनी दिला होता. संख्या दुप्पट झाली की श्रम चौपट व्हावेत, त्याऐवजी ते दुपटीहून थोडेच वाढत होते. १९६५ मध्ये कूली व ट्यूकी यांनी संगणकासाठी मांडलेल्या शीघ्र फूरिए रूपांतराचे तत्त्व या निबंधात आधीच होते, ही गोष्ट नंतर लक्षात आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लांत्सोश यांनी न्यूयॉर्क येथील गणिती कोष्टकांच्या सरकारी प्रकल्पातही काम केले. तेथे विशेष फलनांची कोष्टके मोठ्या मनुष्यबळाच्या साहाय्याने तयार होत असत.

लांत्सोश पद्धत

१९४६ मध्ये ते पर्ड्यू सोडून सिअ‍ॅटल येथील बोइंग कंपनीत गेले. १९४९ मध्ये ते लॉस एंजेलिस येथील राष्ट्रीय मानक संस्थेच्या सांख्यिक विश्लेषण संस्थेत दाखल झाले. तेथून १९५० मध्ये त्यांचा आयगेन मूल्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत एका सदिशाला आव्यूहाने पुन्हा पुन्हा गुणले जाते व प्रत्येक नवा सदिश आधीच्या सदिशांना लंब केला जातो. आव्यूह सममित असल्यास त्यासाठी केवळ मागचे दोन सदिश पुरतात. यातून एक छोटा आव्यूह तयार होतो, ज्यात मुख्य कर्ण व त्याच्या दोन्ही बाजूंचे कर्ण सोडून सर्वत्र शून्ये असतात. मूळ आव्यूहात कोणताही फेरफार होत नाही. त्यामुळे ज्यातील बहुतांश घटक शून्य आहेत अशा प्रचंड आव्यूहांना ती विशेष सोयीची ठरते.

मात्र संगणकातील संख्यांना मर्यादित अंक असल्यामुळे सदिशांचा परस्परलंबपणा हळूहळू नष्ट होतो. लांत्सोश यांना याची जाणीव होती व सदिश पुन्हा लंब करून घेण्याचा उपाय त्यांनी सुचवला होता. परंतु तो खर्चिक होता. १९५० च्या दशकात गिव्हन्स व हाउसहोल्डर यांच्या अधिक स्थिर पद्धती आल्यावर लांत्सोश पद्धत मागे पडली. १९७१ मध्ये क्रिस्टोफर पेज यांनी सिद्ध केले की, परस्परलंबपणा नेमका एखादे आयगेन मूल्य अचूकतेला पोहोचते त्याच वेळी ढळतो. ज्याला दोष मानले जात होते ते यशाचे लक्षण ठरले आणि पद्धत पुन्हा वापरात आली.

घातांकी फलनासारखे फलन संपूर्ण आव्यूहाला लावण्यासाठीही तिचा उपयोग होतो. हे काम आव्यूहाच्या प्रत्येक घटकाला स्वतंत्रपणे फलन लावण्याहून वेगळे व अवघड आहे. मोठ्या आव्यूहाचे फलन काढून त्याने सदिशाला गुणण्याऐवजी छोट्या आव्यूहाचे फलन काढले जाते आणि त्यातून हव्या त्या गुणाकाराची आसन्न किंमत मिळते.

डब्लिन आणि गॅमा फलन

मॅकार्थी यांच्या काळात कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून लांत्सोश यांची चौकशी झाली. याच सुमारास आयर्लंडचे नेते व स्वतः गणिताचे अभ्यासक असलेले एमन डी व्हॅलेरा यांनी त्यांना डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेत येण्याचे निमंत्रण दिले. १९५२ मध्ये ते पाहुणे म्हणून गेले व १९५४ मध्ये तेथेच स्थायिक झाले. एर्विन श्रोडिंगर त्या वेळी याच संस्थेत होते. येथे लांत्सोश पुन्हा सापेक्षता सिद्धांताकडे वळले, तरी आकडेमोडीचा विषय त्यांनी सोडला नाही.

१९६४ मध्ये त्यांनी गॅमा फलनाचे सूत्र प्रसिद्ध केले. गॅमा फलन हे क्रमगुणिताचे अपूर्णांक व संमिश्र संख्यांपर्यंत केलेले विस्तारित रूप होय. स्टर्लिंग यांचे जुने सूत्र मोठ्या संख्यांना उत्तम चालते, पण लहान संख्यांना थेट लावता येत नाही. त्याची श्रेढी अपसारी असल्याने पदे वाढवूनही हवी तेवढी अचूकता मिळत नाही. लांत्सोश यांनी सूत्रात एक प्राचल घातले व उरलेला भाग अभिसारी श्रेढीने व्यक्त केला. प्राचल ५ घेतल्यास एक स्थिरांक व सहा पदे एवढ्यावर त्रुटी दहा अब्जांत दोन भागांहून कमी राहते. ऋण बाजूच्या संख्यांसाठी परावर्तन सूत्र वापरले जाते. संपूर्ण उजव्या अर्धप्रतलात तेच सहगुणक चालत असल्यामुळे लांबलचक रांगेतील लहानमोठ्या सर्व घटकांना एकच सूत्र लावता येते.

लेखन आणि सन्मान

यामिकीतील परिवर्तन तत्त्वांवरील त्यांचा १९४९ मधील ग्रंथ आजही अभ्यासला जातो. उपयोजित विश्लेषण (१९५६) व रैखिक अवकल कारके (१९६१) या विषयांवरील ग्रंथांत त्यांनी सिद्धता आणि गणनेची कृती यांची सांगड घातली. आइनस्टाइन यांच्या कार्यावर सामान्य वाचकांसाठीही त्यांनी लिहिले. १९६० मध्ये त्यांना अमेरिकेतील गणित संघटनेचे शोव्हने पारितोषिक मिळाले.

निधन आणि वारसा

हंगेरीच्या भेटीवर असताना २५ जून १९७४ रोजी बुडापेस्ट येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्यांचे संकलित निबंध भाष्यांसह सहा खंडांत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने प्रसिद्ध केले. जीएनयू सायंटिफिक लायब्ररीसारख्या मुक्त आज्ञावलींत गॅमा फलनासाठी त्यांचे सूत्र वापरलेले आहे. आर्पॅक या आज्ञावलीसंचाचा सममित आव्यूहांसाठीचा भाग लांत्सोश पद्धतीवर उभा आहे.