न्यूयॉर्कची खोली आणि बडोद्याची रात्र

परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी श्रीरामपूर, नेवासा, जामखेडकडची मुले आमच्याकडे येतात. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशपत्र असे सगळे विचारून झाले की हळूच खरा प्रश्न काढतात. तिथे राहायचे कुणासोबत? भारतीय मुलांसोबत राहिलो तर आडनाव विचारतील, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतील. ज्या जिल्ह्यात सोनई, खर्डा घडले, तिथल्या मुलांना ही धास्ती कुणी शिकवावी लागत नाही. मग आम्ही बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कमधल्या दिवसांकडे वळतो. त्यांच्या पदव्या सगळ्यांना पाठ असतात. ते तिथे राहिले कुठे, जेवले काय, दोस्ती कुणाशी झाली, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. वय बावीस. वडील, सुभेदार रामजी, त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते. घरी रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे.

सुरुवातीला ते कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले अर्धेकच्चे मांसाचे जेवण काही मानवले नाही. थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण तिथे काही भारतीय विद्यार्थी आधीपासून होते. परक्या मुलुखात माणूस आपल्या बोलीची, आपल्या चवीची माणसे शोधतो, बाबासाहेबांनीही तेच केले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये जागा मिळाली आणि खोलीत सोबती मिळाला नवल भथेना. मुंबईकडचा पारशी विद्यार्थी. ही मैत्री आयुष्यभर टिकली.

पहिले काही महिने त्यांनी खेळात, नाटकांत, मित्रमंडळीत घालवल्याचे चरित्रकार सांगतात. आम्हाला हा भाग मुद्दाम सांगावासा वाटतो. पहिल्या दिवसापासून अठरा तास अभ्यास, अशी मूर्ती उभी केली की आपली मुले पहिल्या सत्रातच स्वतःला अपराधी समजू लागतात. आणि थोडा विचार करा. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसलेला, नळाला हात लावू न दिलेला मुलगा इथे सर्वांच्या टेबलावर जेवत होता, हवे तिथे बसत होता. ही मोकळीक अंगात मुरायला वेळ लागणारच. नंतर मात्र ते ग्रंथालयात शिरले ते शिरलेच. १९१५ ला एम. ए. झाले, मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक लाभले. लाला लजपतराय तेव्हा अमेरिकेत होते, त्यांनी चळवळीत ओढू पाहिले, पण शिक्षण पुरे झाल्याशिवाय दुसरे काही नाही यावर बाबासाहेब ठाम राहिले. आयुष्यातले उत्तम मित्र आपल्याला कोलंबियात भेटले, असे त्यांनी पुढे जाहीरपणे नोंदवले आहे.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारापोटी नोकरीसाठी ते बडोद्याला उतरले आणि जावे कुठे हा प्रश्न उभा राहिला. शेवटी पारशी नाव लावून एका पारशी सरायीत जागा घेतली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. मुक्काम हलवावा लागला. शहरात दोन ओळखीचे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते. नवरा-बायको दोघेही मूळचे ब्राह्मण, तेव्हा उत्तर काय येणार हे बाबासाहेबांना कळून चुकले. कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

एक पारशी न्यूयॉर्कमध्ये खोलीत सोबत राहिला, दुसरे काठ्या घेऊन आले. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही जातीच्या व्याख्या पाठ केल्या, पण या दोन प्रसंगांनी जेवढे कळले तेवढे त्या व्याख्यांनी कळले नाही. तो धर्म तोच, ते लोक तेच. बदलली होती जागा, आणि कुणासमोर काय दिसावे याचा धाक.

नवल भथेना मात्र मुंबईतही तेच राहिले. १९२० मध्ये अर्धवट सुटलेले शिक्षण पुरे करायला लंडनला परतायचे होते. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांनी दीड हजार रुपये दिले, आणि पाच हजार रुपये भथेनांनी उसने दिले. त्या काळचे पाच हजार म्हणजे काय, हे आजोबांना विचारा.

लंडनमध्ये खोलीत अस्नोडेकर नावाचे सोबती होते. घरमालकिणीकडचे जेवण बेताचेच असायचे. एका ओळखीच्या माणसाने दिलेले पापड बाबासाहेबांनी जपून ठेवले होते. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे.