सहकाराचे फादर होसे मारिया

स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात डोंगरांच्या कुशीत मोंद्रागोन नावाचे गाव आहे. सहकाराचा अभ्यास करणारे लोक जगभरातून तेथे जातात. गावाला ही ओळख मिळाली ती तेथील चर्चच्या एका सहाय्यक धर्मगुरूंमुळे. त्यांचे नाव फादर होसे मारिया अरिस्मेन्दियारिएता. आडनाव उच्चारायला कठीण, म्हणून आपण त्यांना फादर होसे मारियाच म्हणू या.

२२ एप्रिल १९१५ रोजी मार्किना येथे शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहानपणी अपघातात त्यांचा डावा डोळा गेला. ते सेमिनरीत असतानाच, १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बास्क भाषेतील वर्तमानपत्रात काम केल्यामुळे त्यांना अटक झाली आणि ते मृत्युदंडातून थोडक्यात बचावले. १९४० च्या अखेरीस त्यांना गुरुदीक्षा मिळाली. समाजशास्त्र शिकण्यासाठी बेल्जियमला जावे अशी त्यांची इच्छा होती. बिशपांनी मात्र फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांना मोंद्रागोनला पाठविले.

युद्धानंतरचे ते दिवस उपासमारीचे आणि बेकारीचे होते. नव्या फादरांची प्रवचनेही सुरुवातीला लोकांना फारशी रुचली नाहीत. फादरांनी तरुणांकडे लक्ष वळविले. गावातल्या मोठ्या कारखान्याच्या तांत्रिक शाळेत मोजक्याच मुलांना जागा मिळे. म्हणून त्यांनी लोकांच्या मदतीने १९४३ मध्ये वेगळी तांत्रिक शाळा काढली. पहिल्या वर्षी २० मुले होती.

याच शाळेतून घडलेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये उलगोर हा कारखाना उभारला. तेथे रॉकेलचे स्टोव्ह बनत. कामगार हेच मालक आणि प्रत्येकाला एकच मत, हा तेथील नियम. पाठोपाठ आणखी सहकारी कारखाने निघाले.

येथे फादरांची दूरदृष्टी दिसते. प्रत्येक कारखाना आपापल्या परीने चांगला चालला होता. पण कर्ज कोण देणार? मंदी आली तर कामगारांनी कोठे जायचे? १९५९ मध्ये फादरांनी सर्वांची मिळून एक बँक काढण्याचा आग्रह धरला. आम्ही कारखानदार, बँकेतले आम्हांला काय कळते, असे त्या तरुणांना वाटले. फादर मागे हटले नाहीत. गावकऱ्यांची बचत गावातल्याच कारखान्यांच्या कामी येऊ लागली. बँक केवळ पैसे देऊन थांबत नसे. नव्या संस्थेची योजना तपासणे आणि अडचणीतल्या संस्थेला सल्ला देणे, हेही तिचे काम झाले.

त्याच सुमारास सरकारने या कामगारांना मालक ठरवून सामाजिक विम्यातून वगळले. तेव्हा आजारपण व म्हातारपणासाठी सर्वांनी मिळून स्वतःचा निधी उभारला. साठच्या दशकात शेजारच्या काही संस्थांनी गट केला. नफ्या-तोट्याचा काही भाग वाटून घ्यायचा आणि एकीकडे काम कमी पडले तर कामगारांना दुसरीकडे सामावून घ्यायचे, असे ठरले. भरभराटीच्या वर्षी आपल्या नफ्यातला वाटा शेजाऱ्याला देणे सोपे नसते. पण त्याचे फळ मिळाले. १९५६ ते १९८६ या तीस वर्षांत येथे शंभराहून अधिक कामगार सहकारी संस्था निघाल्या. त्यांपैकी केवळ तीन बंद पडल्या.

फादरांनी या संस्थांकडून पगार घेतला नाही. सायकलवरून फिरणारे फादर म्हणूनच लोक त्यांना ओळखत. हृदयविकाराने थकलेले असतानाही त्यांचे काम थांबले नाही. २९ नोव्हेंबर १९७६ रोजी मोंद्रागोन येथेच ते प्रभूच्या घरी गेले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना वंदनीय घोषित केले.

त्यांच्या पश्चात कसोटीचे दिवसही आले. उलगोरमधूनच वाढलेला फागोर हा घरगुती उपकरणांचा कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. इतर संस्थांनी त्याला आधी मोठी मदत केली होती. अखेर आणखी पैसे घालणे त्यांनी नाकारले. कारखाना बुडाला, पण सभासद कामगारांपैकी बहुतेकांना इतर संस्थांत काम किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली. २०२२ मध्ये दोन मोठ्या संस्थांनी मतदान करून समूह सोडला. म्हणजे एकमेकांशी बांधलेली गाठ एकदा मारून भागत नाही, ती जपावी लागते. आणि शेजारी आहे म्हणून कोणी हिशेबात ढिलाई करून चालत नाही.

आपल्या धर्मग्रामातही बचत गट, महिला मंडळ, युवक संघटना आपापले काम मनापासून करतात. पण एकीची अडचण दुसरीला कळते का? एकीकडे शिल्लक असलेली माणसे, जागा, अनुभव दुसरीच्या उपयोगी पडतात का? या रविवारी मिस्सानंतर घरी जाण्यापूर्वी आपण एकमेकांना एवढे तरी विचारू या.