थांबला तो संपला : पीटर मार्क रॉजे

पंखा रात्रभर फिरतो, नळ रात्रभर ठिबकतो. मराठीत आपण दोन्हींना ‘सारखं चालू आहे’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र जरा विचार करावा लागतो. पंखा ‘कंटिन्युअस’ फिरतो, कारण मध्ये खंड नाही. नळ ‘कंटिन्युअल’ ठिबकतो, कारण दोन थेंबांत फट आहे. उसंत न देणारा पाऊस ‘इनसेसंट’. आणि ‘पर्पेच्युअल’ म्हणजे कायमचं, जे मशीनच्या बाबतीत थर्मोडायनॅमिक्सने आपल्याला केव्हाच अशक्य ठरवून दिलंय!

जीआरईची तयारी करणारे मित्र हे शब्द रात्री जागून पाठ करतात. पण अशा शब्दांना अर्थाप्रमाणे घरं बांधून देणारा माणूस कोण होता? त्याचं नाव पीटर मार्क रॉजे. (स्पेलिंग पाहून ‘रोगेट’ म्हणू नका, आडनाव फ्रेंच वळणाचं आहे!)

रॉजेचा जन्म १८ जानेवारी १७७९ चा, लंडनचा. वडील मूळचे जिनिव्हाचे धर्मोपदेशक. पोर चार वर्षांचं असताना ते क्षयाने गेले. आई मुलांना घेऊन गावोगाव फिरत राहिली. घर एका जागी टिकेना, तेव्हा या मुलाने वहीत शब्दांच्या याद्या करायला सुरुवात केली. चौदाव्या वर्षी तो एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला आणि एकोणिसाव्या वर्षी डॉक्टर होऊन बाहेर पडला. आपण त्या वयात एफईच्या केटी मोजत असतो, असो!

१८०२ मध्ये मँचेस्टरच्या एका गिरणीमालकाच्या दोन मुलांना घेऊन तो युरोप दाखवायला निघाला. पुढच्याच वर्षी इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलं आणि नेपोलियनने इंग्रजांना अटकेत टाकायचा हुकूम काढला. रॉजे तेव्हा जिनिव्हात होता. वडिलांमुळे आपण जिनिव्हाचे नागरिक आहोत हे त्याने कागदपत्रांनी सिद्ध केलं आणि दोन्ही मुलांना सुखरूप बाहेर काढलं.

मँचेस्टरच्या रुग्णालयात नोकरी करताना, १८०५ च्या सुमारास, त्याने फक्त स्वतःच्या लिखाणासाठी शब्दांचा एक छोटा वर्गीकृत संग्रह तयार केला. तो छापायचा विचार नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षं ती वही त्याच्यापाशीच राहिली.

मधल्या काळात हा डॉक्टर काय करत होता? इंजिनिअरांनी इकडे लक्ष द्यावं. त्याने स्लाइड रूलवर लॉग-लॉग स्केल आणली. तिच्यामुळे घात आणि मूळं नुसती पट्टी सरकवून निघू लागली. या कामावर १८१५ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. कॅल्क्युलेटर येईपर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत, इंजिनिअरांच्या हातात हीच पट्टी होती. १८२४ मध्ये त्याने फटींतून पाहताना फिरत्या चाकाचे आरे वाकडे का दिसतात यावर निबंध वाचला. चलच्चित्रांच्या इतिहासात त्याचं नाव अजून निघतं, जरी सिनेमा हलताना का दिसतो याचं उत्तर त्याहून गुंतागुंतीचं आहे हे आता आपल्याला माहीत आहे. लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करणाऱ्या आयोगावर तो थॉमस टेलफर्डबरोबर होता. १८२७ ते १८४८ अशी एकवीस वर्षं तो रॉयल सोसायटीचा सेक्रेटरी होता.

आणि ‘रॉजेज स्पायरल’? तारेची स्प्रिंग टांगायची, टोक पाऱ्यात बुडवायचं आणि करंट सोडायचा. वेटोळी एकमेकांना ओढतात, स्प्रिंग आखडते, टोक वर येतं, सर्किट तुटतं. करंट गेला की स्प्रिंग खाली, सर्किट पुन्हा पूर्ण! बॅटरी असेपर्यंत हे चालूच. आता सांगा, हे कंटिन्युअस की कंटिन्युअल?

एवढं वाचून वाटेल, गडी नशीबवान. तसं नव्हतं. आजीला आणि पुढे आईलाही मानसिक आजाराने गाठलं. वडिलांच्या जागी असलेले मामा, प्रसिद्ध कायदेसुधारक सॅम्युएल रोमिली, यांनी पत्नीच्या निधनानंतर १८१८ मध्ये आत्महत्या केली. डॉक्टर भाचा जवळ असून वाचवू शकला नाही. १८२४ मध्ये लग्न झालं, पण १८३३ मध्ये पत्नी कॅन्सरने गेली. पदरात दोन लहान मुलं. रॉजे स्वतःही उदासीने ग्रासला जाई. दुःखाला आवर घालता येत नव्हता, पण निदान शब्दांना तरी ओळीत बसवता येत होतं. आयुष्यभर तो ते करत राहिला.

सत्तरीला निवृत्त झाल्यावर ती जुनी वही बाहेर आली आणि १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ‘थिसॉरस’ छापून आला. सहा वर्ग, हजार शीर्षकं. एबीसीडीप्रमाणे नव्हे, तर अर्थाप्रमाणे रचना. अखंडपणाचे शब्द ‘क्रम’ या भागात, कधीही न संपणाऱ्याचे ‘काळ’ या भागात, आणि विरुद्ध अर्थाचे शेजारच्या रकान्यात. गंमत म्हणजे प्रस्तावनेच्या तळटीपेत त्याने आपल्या अमरकोशाचा उल्लेख या प्रकारचा सर्वांत जुना ग्रंथ म्हणून केला आहे. अर्थात, त्यातली मांडणी त्याला फार विस्कळीत वाटली!

१२ सप्टेंबर १८६९ रोजी, नव्वदाव्या वर्षी रॉजे गेला. शेवटपर्यंत नव्या शब्दांची भर टाकणं चालूच होतं. पुढे मुलाने आणि मग नातवाने ते काम सांभाळलं. नातू तर इलेक्ट्रिकल इंजिनिअर होता!

मित्रांनो, आपल्याकडेही सतत, निरंतर, अविरत, अव्याहत, अखंड, अविश्रांत असे शब्द पडून आहेत. प्रत्येकाची छटा वेगळी. ‘अव्याहत’ म्हणजे अडथळा न येता आणि ‘अविश्रांत’ म्हणजे विश्रांती न घेता. रॉजेच्या आयुष्यात अडथळे एवढे आले की त्याचं काम अव्याहत म्हणता येणार नाही. अविश्रांत मात्र नक्की म्हणता येईल.