गोंदियात ९ फेब्रुवारीला गुणवंतांना सुवर्णपदक का मिळतं?
९ फेब्रुवारी ही मनोहरभाई पटेल यांची जयंती. जन्म १९०६चा. गुजराती कुटुंबातले मनोहरभाई गोंदियात बिडीच्या धंद्यात स्थिरावले, पुढे आमदारही झाले. स्वतःची शाळा मात्र लहानपणीच सुटलेली. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. खेड्यातल्या पोरांना हायस्कूलसाठी घर सोडावं लागे. नाहीतर धानाची बांधी किंवा बिड्या वळणं. मुलींचं तर विचारूच नका. १९५८ मध्ये या बिडीवाल्यानेच गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि गावोगावी हायस्कूलं उघडली, मग कॉलेजंही. १९७० मध्ये ते गेले. आता दरवर्षी जयंतीला परीक्षांत पहिले आलेल्यांना पदक मिळतं. बातम्यांत झळकतात पाहुणे सिनेस्टार. आईबापांची नजर मात्र पोरीच्या गळ्यातल्या पदकावर.